बसायची जागा

आमच्या दुकानात दोन तऱ्हेच्या बायका कामाला होत्या. बसणाऱ्या आणि उभ्या राहणाऱ्या. मी उभी राहणाऱ्यांतली, आणि पुढं जे झालं ते सगळं या एका फरकातून झालं.

नांदेडमधलं साड्यांचं दुमजली दुकान. दारातून आत आलं की डाव्या हाताला माझं काउंटर. परकर, फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. त्याला मॅचिंग म्हणायचं. वरच्या मजल्यावर लग्नाचा माल. तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्या गाद्या, त्यांवर मांडी घालून साड्या दाखवणारे, आणि समोर गिऱ्हाईक. मधोमध छत मोकळं सोडून कठडा लावलेला. त्यामुळं खाली उभं राहून मान वर केली की वरचं सगळं दिसायचं. दुकान बांधणाऱ्यानं काय विचार करून ते मोकळं सोडलं देव जाणे. माझ्यासारखीला जळायची मात्र सोय झाली.

खालच्या काउंटरला बसायचं नाही असा नियम होता. "बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसती," असं शेठ म्हणायचे. सकाळी दहाला उभं राहायचं, दुपारी जेवणापुरतं मागच्या खोलीत टेकायचं, मग शटर ओढेपर्यंत पुन्हा उभं. गिऱ्हाईक असो नसो. एकदा मी घरून प्लास्टिकचं स्टूल आणलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले, हसत हसत स्टूल उचललं, दाराशी नेलं आणि त्यावर पाण्याचा जार ठेवला. "गिऱ्हाइकाला पाणी प्यायला वाकावं लागून राहिलं होतं बेटा," म्हणाले. माझं स्टूल मला परत मिळालं नाही. जार मात्र त्यावर वर्षानुवर्षं आरामात बसला.

शेठ ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या मालकाला पाठीमागं शिव्या तरी घालता येतात. हे गोड बोलायचे. तुळशीचं लग्न जवळ आलं की दर वर्षी मी वर घेण्याचा विषय काढायची आणि दर वर्षी ते म्हणायचे, "या लग्नसराईला तुला गादीवर घेतो बघ. मी बोललो म्हंजे झालं." लग्नसराई संपली की म्हणायचे, "तू वर गेलीस तर खाली कोण, बेटा? तुझ्यासारखी नजर हाय का कुणाची?" कोपराला गूळ लावण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नांदेडात नसेल. आणि मी नऊ वर्षं जीभ लांब करत राहिले.

नजर होती, हे मात्र खरं. बाई नखाएवढी चिंधी घेऊन आली तरी मी फळीवरून नेमका तोच रंग काढायची. डाळिंबी आणि कुंकवाचा रंग ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, दारात उन्हाला धरले की वेगळे होतात. मी उन्हात न नेता सांगायची. वर बसणारे लोक साडी दाखवतात, पण तिच्याकडं बघत नाहीत, असं माझं मत होतं. मला गादीवर बसवलं तर बाई जिना चढेपर्यंतच मी तिचा शालू ठरवला असता. असं तेव्हा वाटायचं, आजही वाटतं.

आणि पाय. पायांचं काय सांगू. डाव्या पोटरीवर शिरांचा असा गुंता झाला होता की नवरा म्हणायचा, गोदावरीचा नकाशा काढलाय. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला असायचा. मला वर जायचं होतं ते शालूसाठी की नुसतं बसायला मिळावं म्हणून, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

मग ती आली.

मूळची किल्लारीकडची. लातूरच्या एका साडीच्या दुकानात काही वर्षं काढलेली. नवऱ्याला नांदेडात काम मिळालं म्हणून इकडं आलेली. आमच्याकडं कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे, गावानं मारत. मी इस्लापूर. ती लातूरवाली. पहिल्या दिवशी शेठनं तिला वर नेलं, एक शालू हातात दिला आणि उलगडायला सांगितला. तिनं मनगटाला असा एक हलका झटका दिला की शालू गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरला आणि पदर बरोबर समोरच्या बाईच्या मांडीपाशी जाऊन थांबला. मी खालून बघत होते. त्याच दुपारी ती गादीवर बसली.

माझी नऊ वर्षं आणि तिची एक दुपार. कानामागून आली आणि तिखट झाली, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण ते तिखट डोळ्यांत जातं तेव्हाच कळतं. त्या दिवशी मी एका बाईला मोरपंखी ऐवजी आमसुली फॉल दिला. नऊ वर्षांतली माझी पहिली चूक.

घरी जाऊन मी पलंगावरची चादर काढली आणि तसा झटका द्यायला लागले. चादर गोळा होऊन माझ्याच पायाशी पडायची. नवरा दारातून बघत होता. "काय करून राहिली?" म्हणाला. मी म्हटलं, झटकून राहिले, धूळ लई झाली. आठ दिवस आमच्या चादरीवर धुळीचा कण नव्हता.

तिच्यातलं मला काय काय खुपायचं, त्याची यादी करायला बसले तर मलाच लाज वाटेल. तिचा आवाज. "मावशी, तुमच्या रंगाला हे उठून दिसतंय बगा," असं ती अशा आर्जवानं म्हणायची की मावशी साडी न घेता उठली तर तिलाच अपराधी वाटावं. तिच्या टाचा. मऊ, दिवसभर मांडीखाली दडलेल्या. शेठचा मुलगा मोबाइलवर दुकानाचा व्हिडिओ काढायचा, त्यात ती साडी अंगावर लावून वळून दाखवायची. एका व्हिडिओत कोपऱ्यात परकर धरलेला एक हात दिसतो, तो माझा. माझ्या नणंदेनं तो व्हिडिओ मला पाठवला आणि विचारलं, तुमच्या दुकानातली ही कोण गं, लई छान हाय. हात कुणाचा ते विचारलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ती चांगली होती. वाईट असती तर काम सोपं झालं असतं. दुपारी मागच्या खोलीत डबा उघडला की भाकरीवर शेंगाची चटणी घेऊन माझ्यापुढं धरायची. "घ्या की, अक्का." मी म्हणायची, पोट भरलंय. एक दिवस भूक आवरली नाही म्हणून घेतली. चटणी इतकी चांगली होती की माझा दिवसभर मूड गेला.

एकदा तिनं कहर केला. शेठ जिन्यात उभे होते. ती वरून म्हणाली, "शेठ, खाली अक्काला एक स्टूल द्या की. पाय सुजून राहिलेत त्यांचे." शेठ हसले. "बघू," म्हणाले. मी काउंटरवरून तिच्याकडं असं बघितलं की तिनं मान आत घेतली. दुपारी मी तिला सांगितलं, "माझी वकिली करायला तुला कुणी सांगितलं न्हाई. माझे पाय माझे मी बघते." ती म्हणाली, "चुकलं, अक्का." नऊ वर्षांत माझ्या पायांबद्दल शेठपुढं बोललेलं ते एकच माणूस होतं, आणि मी त्याच माणसावर चिडले होते.

आता एका डाळिंबी शालूचं सांगायला हवं.

ती यायच्या आधीची गोष्ट. हदगावकडचा एक नवरदेवाचा बाप आमच्याकडून घेतलेला शालू परत घेऊन आला होता. एकटाच. शालू छातीशी धरलेला. "लग्न मोडलं," एवढंच बोलला. ब्लाउजपीस अजून कापलं नव्हतं, फॉल मात्र लागला होता. शेठनं परत घेतला, तेव्हा मला त्यांचं कौतुकही वाटलं. फॉल उसवायचं काम माझ्याकडं आलं. मी उभ्या उभ्या टाके कापत होते आणि घाईत कात्रीचं टोक काठाला लागलं. जरीचे दोन धागे तुटले. तांदळाच्या दाण्याएवढी जागा. कुणाला दिसणार नाही, पण मला माहीत होती. फॉलच्या टाक्यांची बारीक छिद्रंही काठाला ओळीनं तशीच राहिली.

मोडल्या लग्नातून परत आलेला शालू पुन्हा नवरीपुढं उघडायचा नाही, ही बाजारातली जुनी रीत. तो एखाद्या देवीच्या देवळात जातो, नाहीतर त्याची लहान पोरींची परकर-पोलकी होतात. वरच्या गादीवर सगळ्यात जुने होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामांनी तो शालू वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर टाकला. मी विसरून गेले.

गेल्या लग्नसराईत देगलूरकडचा एक बस्ता आला. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचे कपडे घ्यायला येतात. आमच्यासाठी तो सणच. त्या दिवशी दोन जीप भरून माणसं आली होती. रिवाजाप्रमाणं आधी देवीची हिरवी साडी निघाली, तिच्यावर नारळ ठेवला, मग मानाच्या साड्या, मग बाकीचं गणगोत. नवरी कोपऱ्यात गप्प बसलेली. नवरीला बस्त्यात कुणी विचारत नाही. तिच्या अंगावर साडी लावतात आणि बाकीचे बघतात.

मी खालून बघत होते. लातूरवाली शालूंवर शालू उलगडत होती. नवऱ्या मुलाची आत्या मध्ये बसली होती, पोलिसासारखी. तिच्या होकाराशिवाय काही पुढं सरकत नव्हतं. बराच वेळ गेला. मग एकदम वरून हसणं ऐकू आलं. शालू ठरला होता. मला एवढंच दिसलं की नवरीनं पहिल्यांदा मान वर केली होती आणि शालूवर हात ठेवला होता.

थोड्या वेळानं आत्या आणि नवरी शालू घेऊन खाली माझ्याकडं आल्या. मॅचिंगला.

"ह्याला फॉल आन् अस्तर बगा," आत्या म्हणाली.

डाळिंबी रंग. मी काठ हातात घेतला आणि बोट नेहमीसारखं आतल्या बाजूनं फिरवलं. छिद्रं लागली. मी काठ सरकवत गेले. तो तांदळाचा दाणाही सापडला.

हा क्षण मी नंतर इतक्या वेळा उलटून पाहिलाय की आता त्याचंही सूत निघालं असेल. मला एक साधा रस्ता माहीत होता. अशा वेळी आम्ही म्हणतो, "मावशी, इथं जरा डाग दिसतोय, वरून दुसरा पीस बदलून आणते." मग वर जाऊन मामांच्या कानात सांगायचं. त्याच रंगाचा दुसरा निघतो, गिऱ्हाईक खूश, कुणाला काही कळत नाही. मी हे डझनभर वेळा केलं होतं. दोन मिनिटांचं काम.

मी मान वर केली. कठड्याशेजारी लातूरवाली दिसली. पुढच्या गिऱ्हाइकासाठी गादी झटकत होती. मग ती बसली. पाय आरामात मांडीखाली घेतले, पाठीला लोड घेतला आणि बाटलीतून पाणी प्यायली. माझ्या डाव्या पोटरीत तेव्हा चमक मारत होती.

मी काठ उलटा केला आणि आत्याबाईंच्या समोर धरला. "ह्याला आधी फॉल लागलेला दिसतोय," म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हंजे कुणाच्या तरी लग्नातून परत आलेला हाय. मोडलं आसंल."

पहिलं वाक्य मी इमानदारीनं बोलले असं कुणी म्हणालं तर चालेल. दुसरं वाक्य मी वर बघत बोलले.

पुढं जे व्हायचं ते झालं. आत्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जायला जिना लागला नाही. "मोडक्या लग्नाचा शालू आमच्या सुनंच्या अंगावर?" माणसं कठड्याशी गोळा झाली. नवरीचा हात अजून शालूवर होता. तिनं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला आणि ओढणीला पुसला. तिला तो शालू आवडला होता. त्या दिवशी तिला आवडलेली ती एकच गोष्ट असावी.

शेठ आले. मी इतक्या वर्षांत त्यांना इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "ताई, तुमी माझ्या बहिणीसारख्या. ही बाई नवीन हाय. लातूरची. तिला आपल्याकडची रीत ठाऊक न्हाई. मी तो शालू बाजूला ठिवायला सांगितला होता, तिनं तरी काढला. मी तिला आत्ताच्या आत्ता काढून टाकतो, मग तर झालं?" आत्याचं समाधान झालं. गिऱ्हाईक टिकलं. दुसरा शालू ठरला, त्याचं मॅचिंग मीच दिलं.

लातूरवाली कठड्याशी उभी होती. तिनं शेठकडं एकदा बघितलं. मग पिशवी घेऊन खाली आली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला शिव्या देईल. दोन्हींची माझी तयारी होती. ती माझ्या काउंटरपाशी थांबली आणि म्हणाली, "मला आदी सांगायचं की हो, अक्का. मी वरच होते." चपला घालून गेली. तिचा डबा मागच्या खोलीत राहिला होता. तो नंतर मामांनी तिच्या घरी पोचवला.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. भीतीही होती, पण तिच्या बाजूला आनंदाला भरपूर जागा होती.

चौथ्या दिवशी शेठ म्हणाले, "उद्यापासून वर बस. तुझी नजर लई तेज हाय. असे डोळे जवळ असलेले बरे." आणि हसले. मला तेव्हा ती शाबासकी वाटली.

गादीवर पहिल्यांदा मांडी घातली तेव्हा गुडघा असा कटकन वाजला की मामा दचकले. मांडी घालायची सवयच गेली होती. पण मग पाठीला लोड लागला आणि पायांतून काहीतरी हळूहळू उतरायला लागलं, जसं उन्हातून आल्यावर मडक्याचं पाणी घशातून उतरतं. मी शालू उलगडले. माझा झटका तिच्यासारखा नव्हता, पण रंग मी बरोबर काढायची. दुपारपर्यंत दोन बायका मी दाखवलेली पहिलीच साडी घेऊन गेल्या. खाली कठड्यातून पाहिलं, तर माझ्या जागी आलेली नवी बाई या पायावरून त्या पायावर होत होती. मी नजर काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी शेठ वर आले आणि माझ्या मांडीवर एक शालू ठेवला. डाळिंबी.

"हा आज काढून टाक," म्हणाले. "घडी मी अशी घातली हाय की काठ आत राहतो. ह्यावेळी फॉलसाठी खाली पाठवू नको, तूच लावून घे."

मी म्हटलं, "शेठ, हा तर..."

"गिऱ्हाइकाला रंग दिसतो, बेटा. बाकीचं न्हाई दिसत." मग खाली बघत म्हणाले, "नव्या बाईला मॅचिंग काही जमंना. तुलाच परत खाली जावं लागतंय का काय, बघू." आणि गेले.

मामा माझ्याशेजारी घड्या घालत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिलाबी आसाच दिला हुता. मांडीवर."

"कुणाला?"

"लातूरवालीला. तिनं दोनदा परत ठिवला. म्हणली, शेठ, हे पाप मी न्हाई करायची, काढायचं तर काढा कामावरून. मग शेठनं सोताच गठ्ठ्यात घातला. त्या दिवशी नवरीच्याच हाताला लागला. हिनं तिला दुसरे सात दाखवले, पोरगीच ऐकंना."

"तुमी मग बोलले का न्हाई? सगळ्यांसमोर?"

"मला दोन पोरी उजवायच्यात," मामा म्हणाले. "आन् तू बोललीस की. तेवढं पुरं झालं."

त्यांनी घडीवरून हात फिरवला आणि पुढची साडी घेतली.

मी शालू मांडीवर घेऊन बसले. आता मला तिचा नव्यानं हेवा वाटायला लागला. आधी गादीचा होता, झटक्याचा होता, टाचांचा होता. ते सगळं माझ्याकडं आलं होतं किंवा त्याची किंमत कळली होती. पण ती दोनदा नाही म्हणाली होती. बसायची जागा पायाखाली असताना, लोड पाठीला असताना. मी नऊ वर्षांत एकदाही शेठला नाही म्हणाले नव्हते. स्टूल उचलून नेलं तेव्हासुद्धा मी "हाव, शेठ" म्हणाले होते. हे तिच्याकडं कुठून आलं आणि माझ्याकडं का नाही, याचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मी शालू गठ्ठ्याच्या खाली सरकवला. चार दिवस तो तिथं राहिला. पाचव्या दिवशी शेठ जिन्यात उभे राहून नुसते माझ्याकडं बघत होते.

मुदखेडकडच्या मायलेकी आल्या होत्या. फार माणसं नव्हती त्यांच्यासोबत. पोरगी सावळी, तरतरीत. मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं की तिचा रंग डाळिंबीच आहे. माझी नजर कधी चुकत नाही. मी गठ्ठ्यात हात घातला. शालू उलगडला. त्या दिवशी झटका अगदी बरोबर बसला, पदर थेट तिच्या मांडीपाशी. काठ दाखवायची वेळ आली तेव्हा मी अंगठा त्या तांदळाच्या दाण्यावर ठेवला आणि बाकीचा काठ फिरवला. "हा रंग तुम्हालाच बोलावून राहिला," म्हटलं. पोरगी हसली. आईनं शालूच्या पदराला हात लावून कपाळाला लावला.

त्या रंगात ती खरंच सुंदर दिसली असेल. हे मी स्वतःला खूपदा सांगितलंय.

लातूरवाली मला पुन्हा भेटली ती उन्हाळ्यात, वजिराबादहून निघालेल्या सिटी बसमध्ये. बस खचाखच होती. मी चढले आणि दांडा धरला, तर शेजारी ती. मला वाटलं, आता उतरून जावं. पण मागून माणसं रेटत होती.

"अक्का!" तिनं ओळखलं. हसली. चेहरा उतरला होता. दुसऱ्या एका दुकानात लागल्याचं तिनं सांगितलं. "आता मीबी मॅचिंगलाच हाय. दिवसभर उभी. तुमचे पाय कसे दुखत आसतील ते आता कळलं बगा."

मी तिच्या पायांकडं बघितलं. चपलेचा पट्टा रुतलेला होता.

मला बोलायचं होतं. त्या दिवशी मी वर बघून बोलले, हे सांगायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "शेंगाची चटणी अजून करतीस का?"

"करते की. या एकदा घरी." मग तिचा आवाज खाली गेला. "अक्का, तो डाळिंबी शालू? तो कुठं गेला?"

बस एका खड्ड्यावरून गेली. माझा अंगठा दांड्यावर घट्ट होता.

"हाय की," मी म्हटलं. "फळीवरच हाय. वर्तमानपत्रात गुंडाळलेला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खरोखर हायसं वाटल्यासारखा तिनं श्वास सोडला. "मला लई भ्या वाटत हुतं. कुण्या पोरीला देऊ नका बरं का. तुमी आता वर हायत आसं मामा सांगत हुते, म्हणून काळजी न्हाई."

तेवढ्यात तिच्या शेजारच्या सीटवरचा माणूस उतरायला उठला. जागा तिच्या अगदी गुडघ्याला लागून होती. दोन बायका पुढं सरसावल्या. तिनं पटकन सीटवर तळहात ठेवला, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला ओढलं.

"बसा, अक्का. तुमचे पाय दुखतात."

मी बसले.